औषधाचा भाव कारखान्यात ठरत नाही

औषधं एवढी महाग का, असं विचारलं की ठरलेली चार उत्तरं येतात. संशोधनाला अफाट खर्च लागतो. स्वस्त औषध हलकं असतं. भाव बाजार ठरवतो, त्यात सरकारनं हात घालू नये. आणि भारतातली औषधं तर जगात सगळ्यांत स्वस्त, मग तक्रार कसली? निफाडच्या मेडिकलच्या काउंटरवर ही उत्तरं ऐकू येतात, डॉक्टरांच्या बैठकांत ऐकू येतात, औषध कंपन्यांच्या निवेदनांत तर असतातच. ती इतक्या वेळा सांगून झाली आहेत की बिल भरणारा माणूसही आता तीच सांगतो. ती एकेक करून तपासायला हवीत, कारण चारही उत्तरांच्या आड एकच गोष्ट दडते: गोळी बनवायला येणारा खर्च आणि पाकिटावर छापलेला भाव यांचा संबंध आपल्याकडे जाणूनबुजून तोडलेला आहे.

आधी संशोधनाचं घेऊ. निफाड, लासलगाव, पिंपळगाव, ओझर इथल्या घराघरांत रोज कोणती औषधं घेतली जातात? मधुमेहाला मेटफॉर्मिन, रक्तदाबाला अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलला अॅटोर्व्हास्टॅटिन, पित्ताला पॅन्टोप्राझोल, तापाला पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉल एकोणिसाव्या शतकातलं. मेटफॉर्मिन १९५७ सालापासून रुग्णांना दिलं जातं. अॅटोर्व्हास्टॅटिन १९९७मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलं आणि तिथलं त्याचं पेटंट २०११ सालीच संपलं. या यादीतल्या एकाही औषधावर आज मूळ पेटंट शिल्लक नाही. संशोधनाचा खर्च कधीच वसूल झाला, नफाही झाला. ज्या भारतीय कंपन्या ही औषधं विकतात त्यांनी ती शोधलेलीही नाहीत. मग मेटफॉर्मिनच्या एका पाकिटावर एक भाव आणि तेवढ्याच मिलिग्रॅमच्या दुसऱ्या पाकिटावर त्याच्या तिप्पट भाव, यातलं संशोधन कुठलं?

खरोखर पेटंट असलेल्या औषधांचं काय? मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं उदाहरण ताजं आहे. मार्च २०२५पर्यंत त्याची दहा मिलिग्रॅमची एक गोळी साठ रुपयांच्या घरात होती. पेटंट संपलं, त्याच आठवड्यात अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध बाजारात आणलं आणि सर्वांत स्वस्त गोळी साडेपाच रुपयांच्या आसपास मिळू लागली. त्या साडेपाच रुपयांतही कंपनीचा नफा आहे, ठोक विक्रेत्याचा आहे, दुकानदाराचा आहे. संशोधकाला मोबदला मिळू नये असं कोणी म्हणत नाही. पण आधीच्या साठ रुपयांत गोळीचा खर्च किती आणि मक्तेदारीची किंमत किती, हे या एका घटनेनं उघड केलं.

त्याआधीचं उदाहरण तर आपल्या मुंबईतलंच. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं सोराफेनिब हे औषध बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयानं हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध महिन्याला ८ हजार ८८० रुपयांत आलं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ साली हा निर्णय उचलून धरला. कायदा होता, अधिकार होता, न्यायालयाचा पाठिंबा होता. तरी त्यानंतर असा दुसरा परवाना देशात निघालेला नाही. इन्सुलिन शोधणाऱ्या बॅन्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ साली आपले हक्क टोरोंटो विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकले होते, आणि त्याच इन्सुलिनसाठी शंभर वर्षांनी अमेरिकेतल्या वृद्धांकरिता सरकारला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा कायद्यानं घालावी लागली. संशोधनाचा खर्च हे सगळ्या भावांचं कारण असतं, तर ही वेळ आली नसती.

आता ‘भाव बाजार ठरवतो’ हे उत्तर. यावर थोडं थांबायला हवं, कारण बाजार म्हणजे काय हे निफाड तालुक्याला शिकवायची गरज नाही. लासलगावच्या आवारात कांद्याचा लिलाव होतो तेव्हा घेणारा माल हातात घेऊन पाहतो, भाव करतो, नको असेल तर पुढच्या ट्रॅक्टरकडे जातो. औषधाच्या व्यवहारात निवडतो डॉक्टर, विकतो दुकानदार, पैसे भरतो रुग्ण आणि या तिघांत भाव माहीत नसलेला एकटा रुग्णच. दुसरा ब्रँड मागायची सोयही कायद्यानं ठेवलेली नाही: औषधं नियमावली, १९४५मधला नियम ६५(११अ) सांगतो की चिठ्ठीवरच्या औषधाच्या जागी दुकानदारानं दुसरं औषध देऊ नये, घटक तोच असला तरीही. म्हणजे डॉक्टरनं ब्रँडचं नाव लिहिलं की भाव तिथेच ठरला. मग कंपनी आपला पैसा कुठे ओतेल? औषध स्वस्त करण्यात नाही. लिहिणारा हात आपल्या ब्रँडकडे वळवण्यात. केंद्र सरकारला मार्च २०२४मध्ये औषध विपणनाची आचारसंहिता काढून डॉक्टरांना भेटवस्तू, परदेशवाऱ्या आणि पाहुणचार देऊ नका असं लिहावं लागलं, ते उगाच नाही. सचोटीनं काम करणारे डॉक्टर या तालुक्यात आहेत, परिस्थिती पाहून घटकाच्या नावानं लिहून देणारेही आहेत. पण एखादी व्यवस्था चांगल्या माणसांच्या भरवशावर सोडून चालत नाही.

ज्या निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जन्मले, तिथे तरी हा मुद्दा समजायला जड जाऊ नये. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर बोलताना रानड्यांनी हेच बजावलं होतं की खुल्या स्पर्धेबद्दलची पुस्तकी गृहीतकं इथल्या परिस्थितीला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. जिथे घेणारा निवड करू शकत नाही, तिथे स्पर्धा भाव पाडत नाही. एका रेणूचे शंभर ब्रँड बाजारात असतात आणि बहुतेकदा सर्वांत जास्त खपणारा ब्रँड महागांपैकीच असतो.

सरकार भाव बांधतं ना, असं यावर विचारलं जाईल. बांधतं, पण कसं, ते पाहा. १९९५च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात औषध बनवायला येणारा खर्च धरून त्यावर जास्तीत जास्त शंभर टक्के रक्कम मिळवायची मुभा होती. ही पद्धत कडक होती, मात्र तिच्याखाली उरली होती जेमतेम ७४ औषधं. १९७९ साली ३४७ होती. २०१३च्या आदेशानं औषधांची संख्या वाढवली आणि हिशेबातून खर्च काढूनच टाकला. आता बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या ब्रँडांच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढतात, तिच्यावर १६ टक्के दुकानदाराचा वाटा चढवतात आणि त्याला कमाल किंमत म्हणतात. समजा एकाच गोळीचे चार ब्रँड दोन, चार, आठ आणि दहा रुपयांना आहेत. सरासरी सहा. कमाल किंमत सहा रुपये शहाण्णव पैसे. गोळी बनवायला एक रुपया लागतो की दहा पैसे, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. जो भाव आधीच फुगलेला आहे, त्याच्याच आधारानं कमाल भाव ठरतो. शिवाय ही मर्यादा आवश्यक औषधांच्या यादीतल्या, म्हणजे २०२२च्या यादीप्रमाणे ३८४ औषधांनाच. बाकीच्या मोठ्या बाजारात कंपनीनं पहिला भाव हवा तो ठेवावा आणि दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवावा, एवढंच बंधन. यादीतल्या औषधात दुसरा एखादा घटक मिसळून नवी गोळी काढली की यादीतून सुटका होते. अशी निरर्थक मिश्रणं इतकी माजली की सरकारला २०१६मध्ये ३४४, २०१८मध्ये ३२८ आणि २०२४मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी आणावी लागली.

आणि आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांचे भाव दर एप्रिलला घाऊक महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढू दिले जातात. २०२२ साली १०.७७ टक्के, २०२३ साली १२.१२ टक्के. दोन वर्षांची मिळून जवळपास २४ टक्के वाढ, अत्यावश्यक म्हणून निवडलेल्या औषधांवर. फेब्रुवारी २०२३मध्ये लासलगावात काय चाललं होतं, ते आठवा. कांद्याला किलोमागे दोन ते चार रुपये मिळत होते आणि २७ तारखेला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले होते. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, १ एप्रिलला, त्याच शेतकऱ्याच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळीला बारा टक्क्यांची वाढ मंजूर झाली.

औषधांचे भाव बांधणारा हा आदेश निघतो १९५५च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली. कांद्याचे भाव वाढले की व्यापाऱ्यावर साठ्याची मर्यादा येते, तीही याच कायद्याखाली. २०१९च्या सप्टेंबरात आली, २०२०च्या ऑक्टोबरात पुन्हा आली: ठोक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला दोन टन. निर्यातबंदी आणि निर्यातशुल्क यांचे कायदे वेगळे, पण हेतू तोच. म्हणजे कांदा पिकवणाऱ्याला काय खर्च आला हे न विचारता भाव पाडायला सरकारला संकोच वाटत नाही. औषधाच्या वेळी मात्र बाजाराच्या स्वातंत्र्याची आठवण होते. ‘बाजारात हात घालू नये’ म्हणणाऱ्यांनी या तालुक्यात येऊन हे एकदा समजावून सांगावं.

खर्च मोजता येत नाही, हेही खरं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं दमा, क्षय, काचबिंदू अशा आजारांवरच्या आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत एका झटक्यात ५० टक्क्यांनी वाढवली. कंपन्या म्हणाल्या, कच्चा माल महागला, उत्पादन परवडत नाही. प्राधिकरणानं विशेष अधिकार वापरला. ती वाढ कदाचित गरजेची असेल, कारण औषध बाजारातून नाहीसं होण्यापेक्षा थोडं महाग झालेलं बरं. पण कंपनीनं मागितल्यावर खर्च पाहता येतो, तर रुग्णानं मागितल्यावर का नाही? हाच अधिकार उलट दिशेनं वापरला की काय होतं तेही दिसलं आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली, तेव्हा सरासरी सव्वा लाखाच्या आसपास छापील किंमत असलेला औषधयुक्त स्टेंट २९ हजार ६०० रुपयांवर आला. अँजिओप्लास्टी बंद पडली नाही. त्याच प्राधिकरणानं २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला.

राहिलं सर्वांत जास्त नुकसान करणारं उत्तर: स्वस्त ते हलकं. या भीतीपोटी माणसं उसनवारी करून महाग ब्रँड घेतात, आणि पैसे संपले की गोळीच बंद करतात. रक्तदाबाची गोळी बंद झाल्याची किंमत पुढे पक्षाघातानं मोजावी लागते.

दर्जाची काळजी खोटी नाही. नागपूरच्या आणि अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयांत पुरवलेली प्रतिजैविकं बनावट निघाली, हे आपण वाचलं आहे. पण तो भेसळीचा गुन्हा आहे, तो स्वस्ताईचा गुण नाही, आणि भेसळ महाग नावालाही सोडत नाही. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या २०२४मधल्या यादीत देशभर खपणाऱ्या नामांकित ब्रँडांची नावं आली होती. त्या कंपन्यांनीच मग सांगितलं की तो माल आमचा नव्हे, आमच्या नावाची नक्कल आहे. २०२५च्या शरदात छिंदवाड्यात ज्या खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक लहान मुलं दगावली, ज्यांतली कितीतरी उपचारासाठी नागपुरात आणली गेली होती, ते औषध ब्रँडच्या नावानंच विकलं जात होतं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर होतं. त्यात ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल सापडलं. ब्रँडचं नाव ही दर्जाची हमी नाही. हमी देते ती तपासणी, आणि तपासणीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे निरीक्षक हवेत, प्रयोगशाळा हव्यात, अहवाल महिन्यांत नव्हे तर दिवसांत यायला हवेत. डॉक्टरांच्या संघटना ‘आधी दर्जाची हमी द्या, मग आम्ही घटकाच्या नावानं लिहू’ म्हणाल्या आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २ ऑगस्ट २०२३ला काढलेला तसं लिहिण्याचा नियम तीन आठवड्यांत स्थगित झाला. दर्जाची मागणी रास्त आहे. मग तिच्यासाठी त्याच जोरानं लढा दिसायला हवा होता. नियम थांबला आणि मागणीही थांबली. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीनं ब्रँडची नावं टप्प्याटप्प्यानं बंद करा असं सांगून ठेवलं होतं, पुण्यात डॉ. अनंत फडके आणि लोकविज्ञान संघटनेची माणसं हे किती वर्षं मांडत आली आहेत.

स्वस्त आणि तपासलेलं औषध देता येतं, हे केंद्राच्या जन औषधी योजनेत दिसतं. जन औषधीची गोळी बहुतेक खासगी कारखान्यांतच तयार होते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते, आणि तिचा भाव त्या औषधाच्या पहिल्या तीन ब्रँडांच्या सरासरी किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम आहे. कितीतरी औषधं त्याहून खूप खाली आहेत. त्यातच दुकान चालवणाऱ्याला २० टक्के मिळतात. खर्च खरोखर छापील भावाएवढा असता तर हे एक दिवसही चाललं नसतं.

द्राक्षबागायतदाराला तर हे आणखी सोप्या रीतीनं कळतं. डाऊनीवर फवारणी आणायला तो कृषी सेवा केंद्रात जातो तेव्हा डबीवरचं चकाकतं नाव पाहत नाही, कंटेंट विचारतो. मॅन्कोझेब किती टक्के, डायमेथोमॉर्फ आहे का, काढणीआधी किती दिवस थांबायचं. निर्यातीच्या बागेत तर घटकांच्या यादीबाहेरचा थेंब चालत नाही, कंटेनर परत येतो. ज्याला वेलीच्या औषधाचा घटक तोंडपाठ आहे, त्याला स्वतःच्या गोळीचा घटक विचारायला कोणी मनाई केलेली नाही.

‘जगात सर्वांत स्वस्त’ या उत्तराला फार वेळ द्यायची गरज नाही. पुण्या-नाशकाहून अमेरिकेत गेलेली मुलं परतताना वर्षभराच्या गोळ्या बॅगेत भरून नेतात, हे खरं आहे. पण त्यांची कमाई डॉलरमध्ये आहे. २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोक अजून स्वतःच्या खिशातून भरतात. महात्मा फुले योजना असो की आयुष्मान, ती दाखल झालेल्या रुग्णाला उपयोगी पडते. जन्मभर रोज घ्यायच्या गोळीचं बिल त्यात बसत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं; पण जो भाव मुळात दुप्पट-तिप्पट आहे त्यावरचा कर सात टक्क्यांनी उतरला म्हणून भाव रास्त होत नाही.

सरकारनं कमाल किंमत पुन्हा उत्पादनखर्चावर आणावी, नियम ६५(११अ) बदलून तोच घटक, तेवढंच प्रमाण असलेलं स्वस्त औषध देण्याची मुभा द्यावी, ही मागणी धरून ठेवावीच लागेल. पण तोवर बिल थांबत नाही. डॉक्टरांना घटकाचं नाव लिहून द्यायला सांगा. साहेब, यातलं कोणतं औषध नसलं तरी चालेल, हेही विचारा. मिश्रणाची गोळी असेल तर सुट्या दोन गोळ्या घेणं स्वस्त पडतं का ते पाहा. जन औषधी सुगम अॅपवर भाव आणि जवळचं केंद्र दिसतं. फार्मा सही दाम या अॅपवर सरकारनं ठरवलेली कमाल किंमत दिसते. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असू द्या. देशातल्या आघाडीच्या तीनशे ब्रँडांच्या पाकिटांवर ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन करा. थायरॉईड, अपस्मार, रक्त पातळ करणारी औषधं यांचा ब्रँड मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. तिथे थोड्या फरकानंही त्रास होतो. आणि १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या तिथे मिळायलाच हव्यात. ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली तर औषध का नाही हे लेखी विचारा. लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

एक काम मात्र निफाड तालुक्याला इतरांपेक्षा सोपं आहे. जून २०२३मध्ये केंद्रानं देशभरातल्या दोन हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांना जन औषधी केंद्र उघडायला परवानगी दिली. १२० चौरस फूट जागा आणि एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, एवढी मुख्य अट. आपल्याकडे गावोगाव विविध कार्यकारी सोसायट्या आहेत, बहुतेकींना स्वतःची इमारत आहे, डी. फार्म. झालेली मुलं-मुली गावात कामाच्या शोधात आहेत. जी सोसायटी पिकाला कर्ज देते ती सभासदाच्या घरची गोळी निम्म्या भावात देऊ शकते. सप्टेंबरअखेर सोसायटीची वार्षिक सभा असते. सभेपूर्वी सचिवाकडे हा विषय लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेच्या दिवशी हजर राहून ठराव मताला टाकायला लावा.